ब्रॉडगेजचा रूळ घरी बांधायचा, तर आधी चाक ठरवा

तुमचा प्रश्न असा: मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये मनमाडच्या धर्तीवर एक छोटं यार्ड करायचंय, डबे आयसीएफचे (चेन्नईच्या कारखान्यातले प्रवासी डबे), ओढायला डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. पण १६.५ मिमीच्या तयार रुळावर गाडी ठेवली की ती वरून रुंद आणि पायात अरुंद दिसते. म्हणून रूळ स्वतःच बांधावा म्हणताय. कोणत्या कोडचा, म्हणजे उंचीचा, रूळ घ्यावा, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट) घरी जमतात का, आणि सोल्डरिंगचा हात बसलेला नसताना या भानगडीत पडावं का, असं विचारलंय.

आधी तुमच्या नजरेबद्दल. ती बरोबर आहे. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर; आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. एचओ म्हणजे १:८७.१, तेव्हा भागाकार केला की जवळपास १९.२५ मिमी येतात. १६.५ हा आकडा १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा. युरोप-अमेरिकेच्या गाड्यांना तो चपखल बसतो, आपल्या गाड्यांना नाही. आयसीएफ डब्याची रुंदी ३२४५ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ३७ मिमीच्या थोडी वर. खरा डबा गेजच्या दुपटीपेक्षा जरा कमी रुंद असतो, १६.५ वर तोच सव्वादोन पट होतो. बाजूने पाहताना हे फारसं जाणवत नाही. यार्डाच्या टोकाशी डोळा रुळाच्या पातळीला आणून समोरून बघितलं, की मात्र पावणेतीन मिलिमीटरची चोरी लगेच पकडली जाते.

हे दुखणं काही आपलं एकट्याचं नाही. ब्रिटनमधले ओओवाले फुटाला ४ मिमी या मापाने गाड्या करतात आणि त्या एचओच्या रुळावर चालवतात. त्यांना हवेत १८.८३ मिमी, मिळतात १६.५. त्यातून वैतागलेल्या लोकांनी आधी ईएम काढलं, ज्याचं गेज आज १८.२ आहे, आणि मग १९६०च्या दशकात पी-फोर, बरोबर १८.८३. फाइनस्केल, म्हणजे खऱ्या मापांच्या जवळ जाणाऱ्या, रुळाची बहुतेक विद्या तिथूनच आली. आपल्या फायद्याची गोष्ट ही, की त्यांनी नुसतं गेज ठरवलं नाही, त्याच्या जोडीचे बाकीचे आकडेही ठरवून ठेवले. तुमच्या प्रश्नात नेमके तेच आकडे आलेले नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. कोणता रूळ घेऊ हा नंतरचा प्रश्न. कोणत्या चाकांवर गाडी चालवणार, हा पहिला.

का, ते सांगतो. सरळ रुळावर किंवा साध्या वळणावर गेज बरोबर असलं की गाडी चालते. तिथे कुणीही पास होतो. परीक्षा असते सांध्यातल्या क्रॉसिंगच्या नाकापाशी, म्हणजे दोन रूळ मिळून झालेल्या टोकापाशी. तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, म्हणून फ्लँज (चाकाच्या आतल्या बाजूची उंच कड) जाण्यासाठी रुळात फट सोडावी लागते. चाक त्या फटीवरून जाताना क्षणभर त्या बाजूला त्याला धरणारं कुणी नसतं. त्याला सरळ ठेवते ती पलीकडच्या रुळाजवळची चेक रेल. ती दुसऱ्या चाकाला पाठीमागून धरते, आणि दोन्ही चाकं एकाच आसावर असल्यामुळे अलीकडचं चाक नाकावर आदळत नाही. म्हणजे इथे तीन आकडे एकमेकांत अडकलेले आहेत: गेज, चेक रेल आणि धावता रूळ यांच्यातली फट, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, ज्याला सगळे बॅक-टू-बॅक म्हणतात.

यांचं नातं दोन अटींत बसतं. गेजमधून दोन्ही बाजूंच्या फटी वजा केल्या की जे उरतं, त्यापेक्षा बॅक-टू-बॅक जास्त हवं. नाहीतर चाकं चेक रेल आणि विंग रेल (नाकाच्या दोन्ही अंगांचे वाकवलेले रूळ) यांच्यात अडकतील. आणि बॅक-टू-बॅकमध्ये एका फ्लँजची जाडी मिळवली की जी बेरीज येते, ती गेजमधून एक फट वजा केलेल्या आकड्यापेक्षा कमी हवी. नाहीतर फ्लँज नाकावर चढेल. बस, एवढंच. या दोन ओळी कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

आता तुमच्या बाबतीत घालून बघू. एचओच्या चांगल्या गाड्यांना बहुतेक वेळा आरपी-२५ कोड ११० जातीची चाकं असतात: रुंदी २.८ मिमीच्या आसपास, फ्लँजची जाडी पाऊण मिमी, खोली साधारण ०.६४ मिमी. गेज १९.२५ ठेवा आणि फट १.० मिमी धरा. पहिल्या अटीने बॅक-टू-बॅक १७.२५ पेक्षा जास्त, दुसरीने १७.५ पेक्षा कमी. मधोमध १७.४ घ्या. तिसरी एक अट राहिली: चाकाची रुंदी फटीच्या दुपटीपेक्षा जास्त हवी, म्हणजे विंग रेल सुटायच्या आत चाक नाकावर टेकलेलं असेल आणि मधे गचका बसणार नाही. २.८ विरुद्ध २.०, उत्तम. बाजारातल्या तयार सांध्यांत फट सव्वा मिमीच्या घरात असते, म्हणून तिथे गाडी ‘टक्’ करून खाली उतरते. तुमच्या हातच्या सांध्यावर तो आवाज येणार नाही. घरी बांधलेल्या रुळाचं खरं सुख मला तरी दिसण्यापेक्षा यात जास्त वाटतं.

कुणी म्हणेल, मग खऱ्या रेल्वेचेच आकडे ८७ने भागून का घेऊ नयेत? घेता येतात. आपल्या ब्रॉडगेजवर चाकांचं आतलं अंतर १६०० मिमी, क्रॉसिंगपाशी चेक रेलची फट ४४ ते ४८ मिमी. मॉडेलमध्ये ते झाले १८.३७ आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर. बघायला देखणं, यात वाद नाही. पण त्या फटीला लागणारी चाकं तितकीच बारीक आणि फ्लँज तितकाच उथळ हवा, आणि उथळ फ्लँजला रुळाचा जरासा पीळही सहन होत नाही. प्रत्येक बोगीला (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) स्प्रिंग किंवा डोलणारा आस द्यावा लागतो. पी-फोरवाले ते आनंदाने करतात. पहिल्याच लेआउटला मी ते कुणाला सुचवणार नाही. गेज अचूक, चाक मध्यम, ही तडजोड सत्तर-ऐंशी सेंटिमीटर अंतरावरून बघणाऱ्या माणसाला कळत नाही. गेज मात्र त्याच अंतरावरून कळतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, कारण त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत.

गाड्या किती आहेत? दोन इंजिनं आणि आठ-दहा डबे असतील तर चाकं बदलणं हे एका पावसाळ्याचं काम आहे. पन्नास डबे असतील तर विसरा, किंवा एक वेगळा छोटा लेआउट करा. डब्याचं काम सोपं असतं: चाक प्लॅस्टिकच्या बुशवर बसवलेलं असेल तर आसावरच बाहेर सरकवता येतं. पण आधी कॅलिपरने बोगीच्या आतली मोकळी जागा मोजा. १७.४ अधिक दोन चाकांची रुंदी मिळून २३ मिमी होतात, म्हणून बोगीच्या दोन्ही बाजूंच्या आत किमान साडेतेवीस हवेत. इंजिन त्रास देतं. बऱ्याच डिझेल मॉडेलमध्ये दोन अर्धे आस मधल्या दातेरी चाकाच्या नळीत खुपसलेले असतात. ते प्रत्येकी दीड मिमी बाहेर ओढले तर पकड उरत नाही, लांब आस करून घ्यावे लागतात. डब्ल्यूडीएम-२ला तीन आसांच्या दोन बोग्या, म्हणजे सहा आस. तेवढी तयारी असेल तरच पुढे जा.

जागा किती? भारतीय ब्रॉडगेजवर वळणाची मर्यादा १० अंश, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. एचओमध्ये ती २ मीटर होते. खोलीत गोल फिरणारा लेआउट करायचा तर चार मीटर रुंदी नुसती वळणालाच जाईल. कुणीही ९० सेंमीवर तडजोड करतं, आणि अचूक गेज असलेली गाडी त्या वळणावर पुन्हा खेळण्यासारखी दिसते. म्हणून यार्डाची तुमची कल्पना मला फार आवडली. एक लांब फळी, एका टोकाला पडद्यामागे सरकता रूळ, सगळी शंटिंग. फाइनस्केलला हेच मानवतं. फक्त सांध्यांची लांबी धरा: आपला १ इन १२चा सांधा (१२ मिमी पुढे गेल्यावर १ मिमी फाकणारा) खऱ्यात सुमारे ४० मीटर, मॉडेलमध्ये ४६ सेंमी. यार्डात १ इन ८.५ वापरतात, तोच घ्या. जागा वाचते आणि खरंही दिसतं.

आणि एक आडवाट, विचारली नसली तरी. नुसतं गेज बरोबर हवं असेल आणि कष्ट नको असतील, तर नॅरोगेजकडे बघा. बार्शी लाइट किंवा यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला, दोन्ही ७६२ मिमीच्या होत्या. एचओमध्ये ८.७५ होतात, आणि ९ मिमीचा एन गेजचा रूळ व यंत्रणा तयार मिळते. पाव मिलिमीटरचा फरक, आणि एका टेबलावर अख्खं स्टेशन. ब्रॉडगेजच्या यार्डाच्या कडेला जुन्या कुर्डुवाडीसारखा नॅरोगेजचा फलाट दाखवला तर काय दिसेल, याचाही विचार करून ठेवा.

रुळाचा कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. तयार फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) बहुधा कोड १०० असतो, म्हणजे २.५४ मिमी, आपल्याकडचा कुठलाच रूळ एवढा उंच नाही. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिमी उंच, एचओमध्ये जवळजवळ २ मिमी, त्याला कोड ७५ चालतो. ५२ किलोचा १५६ मिमी, तो कोड ७०. जुना ९०आर आणखी बुटका, साधारण कोड ६५. डब्ल्यूडीएम-२च्या भरभराटीच्या काळातलं यार्ड दाखवायचं असेल तर कोड ७० घ्या, आणि निकेल सिल्व्हरचाच घ्या. तो बाहेरून मागवावा लागतो, त्यामुळे मीटरमध्ये हिशेब करून एकदाच मागवा. ०.६४ मिमीचा फ्लँज कोड ७०वर सहज मावतो. फक्त सोल्डरचे ढीग रुळाच्या आतल्या बाजूला साठू देऊ नका.

स्लीपरसाठी कॉपरक्लॅड, म्हणजे तांब्याचा थर असलेला, बोर्ड, काचेच्या इपॉक्सीचा, १.६ मिमी जाडीचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हवा तेवढा मिळतो. लाकडी स्लीपर २७५० मिमी लांब आणि २५० रुंद, म्हणजे ३१.६ बाय २.९ मिमीच्या पट्ट्या. किलोमीटरला १६६० स्लीपर या हिशेबाने दोन स्लीपरच्या मध्यांतलं अंतर ६.९ मिमी येतं. पट्ट्या कापताना मास्क लावाच, त्या धुळीत काचेचे तंतू असतात. सगळे स्लीपर बोर्डाचे असायची गरज नाही: साध्या रुळात प्रत्येक पाचवा सोल्डर केलेला, मधले लाकडाचे किंवा रेझिनमध्ये छापलेले. सिमेंटचे स्लीपर दाखवायचे असतील तर छापण्याला पर्याय नाही, पण उंची बरोबर १.६ ठेवा, नाहीतर रूळ लाटा घेईल. सांध्यात मात्र मी सगळेच बोर्डाचे ठेवतो.

आता सांधा. टेम्प्लॉट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात स्वतःचं गेज आणि फट टाकता येते, आणि १ इन ८.५चा आराखडा पूर्ण मापात छापून मिळतो. छापल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर स्वतःच्या मनाने दोन टक्के आखडता हात घेतो. आराखडा सपाट फळीवर चिकटवा, वर दुहेरी टेपने स्लीपर.

सगळ्यात आधी नाक करा, टेबलावर वेगळं बसून. १ इन ८.५ म्हणजे ८५ मिमी लांब गेल्यावर १० मिमी फाकणारा कोन. दोन रुळांची टोकं आतल्या बाजूने अर्ध्या कोनात, म्हणजे १ इन १७ने, कानशीने उतरवायची. कोड ७०च्या डोक्याची जाडी बघता हा उतार १३-१४ मिमी लांब येतो. लाकडाच्या ठोकळ्यात त्या कोनाची खाच करून रूळ त्यात घट्ट बसवला, तर कानस आपोआप कोनात चालते; हातात धरून घासू नका. दोन्ही उतार एकमेकांना लावून आतून सोल्डर करा, आणि इथे एक युक्ती: नाकासाठी शिसंविरहित कथील-तांब्याचं सोल्डर वापरा, ते २२७ अंशांना वितळतं. स्लीपरला जोडताना नेहमीचं ६०/४० वापरा, ते १९० अंशांच्या आतच वितळतं. मग स्लीपरला डाग देताना नाक उकलत नाही. शेवटी टोक कानशीने किंचित बोथट करा. सुरीसारखं टोक पहिल्या महिन्यातच वाकतं.

मग क्रम असा. सरळ बाजूचा स्टॉक रेल (बाहेरचा, न हलणारा रूळ) डोळ्यासमोर धरून, अगदी सरळ असल्याची खात्री करून बसवा. त्यावरून गेज लावून नाक. नाकापासून १ मिमीची पट्टी धरून विंग रेल. गुडघ्यापाशी वाकवताना पायावर कानशीचा हलका ओरखडा द्या, म्हणजे बाक हवा तिथेच पडतो. विंग रेलची धावती कड आणि नाकाची कड एका रेषेत आहे का, हे स्टीलची पट्टी टेकवून बघा. पट्टी हलली तर पुढे जाऊ नका. त्यानंतर दुसरा स्टॉक रेल, टंग रेलच्या (मार्ग बदलणारा हलता, निमुळता रूळ) टोकाआधी त्याला छोटा बाक देऊन, आणि मग दोन टंग रेल. टंग रेलच्या स्टॉककडच्या बाजूचा पाय पूर्ण घासून काढा, टोक कागदासारखं पातळ करा आणि डोक्याला किंचित खाली उतरवा, म्हणजे चाक आधी स्टॉक रेलवर राहील आणि टोकाला ठोकर बसणार नाही. चेक रेल सगळ्यात शेवटी, दोन्ही टोकं जराशी बाहेर वळवून.

यासाठी गेज लागतात, आणि १९.२५ची कुठेही तयार मिळणार नाहीत. लेथवाल्याकडे जा. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला असं काम करणारी दुकानं ओळीने आहेत. पितळी किंवा स्टीलचा दंडगोल, त्यावर रुळाच्या डोक्याच्या जाडीपेक्षा पाच-दहा शतांश मिमी रुंद दोन खाचा, आतल्या कडांमध्ये १९.२५. तसे तीन, आणि चाकांसाठी १७.४चा एक ठोकळा. रुळाचा तुकडा सोबत न्या; नुसत्या चित्रावर सांगितलं तर खाच रुंद होते आणि गेज डुलतं. स्टील असेल तर सोल्डर सहज चिकटत नाही, हा फायदा.

सोल्डरिंगचा हात नाही म्हणालात, त्याची काळजी करू नका. निकेल सिल्व्हर आणि तांबं, दोन्ही सोल्डरला अतिशय अनुकूल धातू. साठ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, छिनीसारखं रुंद टोक, फ्लक्स थोडा जास्त, वेळ कमी. नवखे लोक बारीक टोकाची पंचवीस वॉटचं वापरतात, ते पुरेसं तापत नाही, मग ते सेकंदन्‌सेकंद दाबून धरतात आणि बोर्डावरचं तांबंच सुटून येतं. सरळ रुळाचा अर्धा मीटर बांधा, हात बसेल. ॲसिड फ्लक्स वापरलात तर त्याच संध्याकाळी ब्रश आणि पाण्याने धुवा. पावसाळ्यात तो हिरवा होऊन बाहेर येतो.

विजेचं एवढंच: प्रत्येक स्लीपरच्या मधोमध तांब्याला कानशीची रेघ, मल्टिमीटरचा आवाज बंद झाल्याची खात्री. नाक आणि विंग रेल बाकीच्या रुळांपासून करवतीने तोडून वेगळे, आणि टंग रेल हलवणाऱ्या दांड्याला जोडलेल्या मायक्रोस्विचमधून त्यांना वीज. लेआउटच्या दोन फळ्या जुळतात तिथे आणि लांब सरळ रुळात अर्ध्या मिमीची जागा सोडा. मीटरभर निकेल सिल्व्हर पंचवीस अंशांच्या फरकाने ०.४ मिमी वाढतं, आणि मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत तेवढा फरक पडतोच.

चाचणी इंजिनाने करू नका. एक सुटी बोगी घ्या, चाकं १७.४ला तपासलेली, आणि बोटाने ढकला, दोन्ही दिशांनी, दोन्ही मार्गांवर, वरून हलका दाब देऊन. नाकापाशी चाक वर उचललं गेलं तर नाक उंच आहे, घासा. बाजूला धक्का बसला तर चेक रेलची फट जास्त झाली आहे. तिचा डाग सोडवून पट्टी लावून पुन्हा बसवा. चेक रेलमध्ये घट्ट वाटलं तर आधी चाक मोजा, रुळाला हात नंतर. आणि दोन आसांची बोगी गुमान जातेय पण तीन आसांची एकाच जागी उतरतेय, असं झालं तर फटी-बिटी सगळ्या बरोबर आहेत. तिथे फळीला पीळ आहे, खालचा स्लीपर कागदाच्या पट्टीने उचला.